बियांपासून ऑर्किड: कोकणातल्या घरात, प्रेशर कुकरवर

ऑर्किड बियांपासून करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, मीडियमची, म्हणजे बाटलीत बी ज्यावर पेरायचं त्या जेलीसारख्या खाऊची, रेसिपी द्या. रेसिपी देतोच, खाली सगळी ग्रॅम-मिलीत दिली आहे, पण रेसिपी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम बुरशी बाटलीबाहेर ठेवण्याचं आहे, आणि आपल्याकडे कोकणात ते वर्षातल्या काही महिन्यांतच नीट जमतं. त्यामुळे हे वाचताना रेसिपीपेक्षा स्वच्छता आणि कॅलेंडर याकडे जास्त लक्ष द्या.

आधी बी समजून घेऊ, कारण सगळी भानगड तिथेच आहे. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारोंनी, काही जातींत लाखांनी बिया असतात, बी म्हणजे अक्षरशः फिकट पिवळी भुकटी. वालाच्या किंवा भाताच्या दाण्यात कोंबासाठी जसा साठा भरलेला असतो तसा यात जवळजवळ काहीच नसतो. मग जंगलात ते रुजतं कसं, तर झाडाच्या सालीवर एक ठराविक प्रकारची बुरशी असते, ती बीमध्ये शिरते आणि त्याला साखर वगैरे पुरवते. ही गोष्ट फ्रान्समधल्या नोएल बर्नार्डने १८९९ मध्ये दाखवली. मग १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसनने दाखवून दिलं की बुरशी नसली तरी चालतं, तुम्ही अगरमध्ये (समुद्री शेवाळापासून केलेली, जेलीसारखं घट्ट करणारी पावडर) क्षार आणि साखर घालून थेट खाऊ दिलात तर बी तसंच रुजतं. त्याचा १९४६ चा फॉर्म्युला, नडसन सी, अजून जगभर वापरतात.

आता यातली मेख बघा. बीला साखर लागते म्हणून आपण साखर घालतो, आणि तीच साखर हवेतल्या प्रत्येक बुरशीला आणि बॅक्टेरियाला पण हवी असते. बी रुजायला दोन-तीन आठवडे ते दोन-अडीच महिने घेतं, बुरशी तीन दिवसांत बाटली भरून टाकते. म्हणजे एक जरी स्पोर, बुरशीचा डोळ्याला न दिसणारा बीजकण, आत गेला तरी ती बाटली गेली. बाकी सगळं, म्हणजे खत जरा कमी, नारळपाणी जरा जास्त, हे ऑर्किड चालवून घेतं.

आपलं कॅलेंडर

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, कपाटातल्या चपलेवर बुरशी येते त्या दिवसांत निर्जंतुक काम करायला जाऊच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस गेला म्हणून लगेच उत्साहाने बसू नका, तेव्हा भातकापणी, झोडणी, पेंढा रचणं चालू असतं आणि भाताच्या तुसाची धूळ म्हणजे नुसते स्पोर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा पेरणीचा काळ. हवा कोरडी, रात्री थंड, घरात धूळ कमी.

आणि गंमत म्हणजे आपली स्थानिक सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, फुलते मे-जूनला, तेव्हा परागण केलं तर हिरवी शेंग पेरायला तयार होते साधारण सहा-सात महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत. एरिडिस या आपल्याकडच्या दुसऱ्या ऑर्किडचंही साधारण तसंच. हायब्रिड डेंड्रोबियम, जी नर्सरीत सगळीकडे मिळते, तिची शेंग तीन-चार महिन्यांतच तयार होते आणि तिला फुलं वर्षभर येत असतात, म्हणून तिचं परागण ऑगस्ट-सप्टेंबरात छपराखाली केलं की डिसेंबर गाठता येतो. पहिल्यांदा करणाऱ्याने डेंड्रोबियमनेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, लवकर रुजतं, लवकर वाढतं, हुरूप टिकतो.

एक गोष्ट इथेच सांगतो. शेंगेसाठी किंवा रोपासाठी जंगलात जाऊ नका. आंबोलीच्या किंवा कुठल्याही घाटातल्या झाडावरून ऑर्किड काढून आणणं हे राखीव जंगलात गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ओरबाडून आणलेलं निम्मं अंगणात मरतं. आपल्या स्वतःच्या परसातल्या फणसावर, आंब्यावर, ऐनावर सीतेची वेणी असतेच बऱ्याच ठिकाणी, लोक तिला बांडगूळ समजून तोडतात. ती बांडगूळ नाही, ती झाडाचं काही शोषत नाही, नुसती सालीला धरून राहते. तिचीच एक शेंग घेतलीत तर गावभर वाटता येतील इतकी रोपं होतात. ज्यांना आपल्या भागातली ऑर्किडं टिकावीत असं वाटतं त्यांनी हे काम शिकून घ्यावं, मनापासून सांगतो.

परागण

फूल उमलून तीन-चार दिवस झाले की सकाळी बसा. फुलाच्या मधोमध एक छोटा खांब असतो, त्याच्या टोकाला बारीक टोपी. दात कोरायची काडी घ्या, टोपीच्या खालून हलकेच वर उचला, टोपी निघते आणि काडीला दोन पिवळे टणक गोळे चिकटून येतात, तेच पराग. वेणीच्या आणि एरिडिसच्या गोळ्यांना चिकट देठ असतो त्यामुळे ते लगेच काडीवर बसतात, डेंड्रोबियमच्या गोळ्यांना देठ नसतो, तिथे काडीचं टोक आधी त्याच फुलाच्या चिकट खळग्याला टेकवून ओलं करून घ्या. मग दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या खांबाखाली असलेल्या चकचकीत ओल्या खळग्यात ते गोळे दाबून बसवा. एकाच झाडाचे पराग त्याच झाडाला लावून पण काही वेळा शेंग धरते, पण रोपं बऱ्याचदा अशक्त निघतात, तेव्हा शक्यतो दोन वेगळी झाडं घ्या, शेजाऱ्याकडचं घ्या.

दोन-चार दिवसांत फूल मलूल होतं आणि देठ हिरवा राहून फुगायला लागतो, म्हणजे लागलं. एका झाडावर दोन-तीन शेंगांपेक्षा जास्त ठेवू नका, शेंग पोसायला झाडाला फार लागतं. दोऱ्याने चिठ्ठी बांधा, त्यावर पेन्सिलीने तारीख आणि कुठल्या झाडाचे पराग ते लिहा, पेनाची शाई पहिल्या पावसात धुऊन जाते. पावसाचा थेट मारा शेंगेवर नको, शेंगेच्या टोकाला जे वाळलेलं फूल राहतं त्यात पाणी साठून तिथूनच कुजायला सुरुवात होते.

शेंग हिरवी असताना का काढायची, तर न उकललेल्या शेंगेच्या आतलं बी मुळातच निर्जंतुक असतं. फक्त बाहेरची साल साफ केली की झालं. शेंग उकलली, की वाऱ्याने भुकटी उडते आणि उरलेल्या बीवर सगळीकडचे स्पोर बसतात, मग बी धुवायची कटकट. शेंगेच्या कडा भरल्या, गडद हिरव्याची जराशी पिवळट झाक यायला लागली की काढा.

सामान

घरचा प्रेशर कुकर, आठ-दहा लिटरचा असेल तर उत्तम. बहुतेक घरगुती कुकर शिट्टीच्या वजनावर साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला चालतात, म्हणजे आत जवळपास १२१ अंश सेल्सिअस, आणि लॅबमधला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र, तोही तेवढ्यालाच चालतो. बाटल्या रुंद तोंडाच्या, जाड काचेच्या. टिश्यू कल्चरवाले, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत रोपं वाढवणारे, ज्याला जॅम बॉटल म्हणतात ती पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणाची बाटली मिळाली तर घ्या, नाहीतर लोणच्याच्या, जॅमच्या रिकाम्या बाटल्या चालतात, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाडून त्यावर मेडिकलमध्ये मिळणारी मायक्रोपोर टेप दोन पदरी लावा, हवा जाते पण स्पोर जात नाही. झाकणाच्या आतला रबर कडक झाला असेल तर ती बाटली बाजूला.

पाणी डिस्टिल्ड घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं जे पाणी मिळतं ते चालतं, फक्त ते साधं डिस्टिल्ड आहे ना हे लेबल वाचून बघा, अॅसिडवालं नको. आरओचं पण चालेल. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी अजिबात नको, उन्हाळ्याकडे त्यात खारटपणा येतो.

बाकी अगर पावडर, साखर, शहाळं, कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९ विद्राव्य खत, पीएच पेपर, स्पिरिट, सर्जिकल ब्लेड, लांब चिमटा, सुईशिवायची १० मिलीची सिरिंज, आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा.

मीडियम, १ लिटरसाठी

ज्यांना शास्त्रशुद्ध करायचंय त्यांच्यासाठी नडसन सी आधी: कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.२५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ०.५ ग्रॅम, फेरस सल्फेट ०.०२५ ग्रॅम, मँगनीज सल्फेट ०.००७५ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, आणि अगर. क्षार एकेक करून वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा आणि मग मोठ्या पाण्यात ओता, कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट दाट द्रावणात एकत्र आले की दोघं मिळून पांढरा साका तळाला बसतो आणि मग तो झाडाच्या काही कामाचा राहत नाही. हे सगळं मोजायला मिलिग्रॅमचा काटा लागतो, तो नसेल तर मुंबईच्या हायमीडियासारख्या कंपन्यांची तयार मीडियम पावडर मिळते ती घ्या, किंवा १९६२ चं मुराशिगे-स्कूग, ज्याला सगळे एमएस म्हणतात, ते निम्म्या ताकदीचं करून वापरा. पूर्ण ताकदीचं एमएस ऑर्किडच्या बियांना खारट होतं.

आता घरगुती. डिस्टिल्ड पाणी ८५० मिली, शहाळ्याचं पाणी १५० मिली, साधी साखर २० ग्रॅम, १९:१९:१९ १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम, अगर ८ ग्रॅम. बास. १ ग्रॅम कसा मोजायचा, तर १० ग्रॅम खत १ लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०० मिली घ्या, त्यात बरोबर १ ग्रॅम येतं, मग तेवढं साधं पाणी कमी घ्या. मॅग्नेशियमचंही तसंच, १० ग्रॅम लिटरभर पाण्यात आणि त्यातलं २५ मिली. किराणा दुकानातलं चायना ग्रास पण अगरच आहे, पण प्रत्येक ब्रँड वेगळा घट्ट होतो, आधी एक कपभर करून बघा, बाटली आडवी केल्यावर घसरायला नको आणि चिमट्याने सहज टोचता यायला हवं.

शहाळं कोवळं घ्या, पाणेरी, ज्यात मलई नुकती धरायला लागली आहे असं. नारळपाण्यात साखर आणि पोटॅशियम तर असतंच पण पेशी वाढवणारी सायटोकायनिन गटातली द्रव्यंही असतात, म्हणून १९४० च्या दशकापासून टिश्यू कल्चरवाले ते वापरत आलेत. आपल्याकडे ते दारात लटकलेलं आहे, त्यामुळे बाहेरून हार्मोन विकत आणायची पेरणीसाठी मला तरी गरज वाटत नाही. फोडलं की लगेच पातळ कापडातून दोनदा गाळून वापरा, फ्रिजमध्ये कालचं ठेवलेलं नको.

करायची पद्धत: थंड पाण्यातच अगर भुरभुरून ढवळा, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. साखर, खत, मॅग्नेशियम, शहाळ्याचं पाणी घाला. पीएच बघा, ५.२ ते ५.६ च्या मध्ये हवा. कमी असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून थेंब थेंब, जास्त असेल तर व्हिनेगरचा एखादा थेंब. पीएच पाचच्या खाली राहिला तर कुकरमधून काढल्यावर अगर नीट धरत नाही, लोकांची बाटली पातळ राहते त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मग मंद आचेवर ढवळत राहा, द्रावण पारदर्शक झालं की गरम असतानाच प्रत्येक बाटलीत ४०-५० मिली, बाटलीच्या तोंडाला न लागता. तोंडाला लागलेलं साखरेचं पाणी म्हणजे बुरशीला आत यायची शिडी, फनेल वापरा.

कुकर

तळाशी जाळी, पाणी दीड इंच, बाटल्यांची झाकणं अर्धवट सैल, वरून अॅल्युमिनियम फॉइल. झाकण लावून आधी शिट्टी न लावता वाफ जोरात बाहेर येऊ दे दोन-तीन मिनिटं, आतली हवा निघून गेली पाहिजे, हवा अडकली तर दाब दिसतो पण तापमान तेवढं चढत नाही. मग शिट्टी लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून तिथून २० मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. मधे गॅस संपला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि वाफ हाताने सोडायची नाही, दाब एकदम उतरला की आतलं मीडियम उकळून उसळतं आणि झाकणापर्यंत येतं. आपोआप थंड होऊ दे, हात लावण्याइतपत झालं की झाकणं घट्ट करा.

त्याच वेळी एका बाटलीत साधं पाणी, आणि फॉइलमध्ये गुंडाळून ब्लेड, चिमटा, चमचा हे पण कुकरमध्ये लावा.

तयार बाटल्या लगेच वापरू नका. आठवडाभर एका कपाटात ठेवा. ज्यात काही उगवलं ती कुकरने नीट मारली नाही किंवा झाकण गळतंय असं समजा. हा आठवडा लोक वाचवायला बघतात आणि मग पेरल्यावर बुरशी आली की कळत नाही चूक कुठे होती, मीडियममध्ये, बियांत की हातात. आठवडा थांबलात तर निदान एक शक्यता तरी बाद होते.

पेरणीचा दिवस

पारदर्शक डबा आडवा ठेवायचा, उघडं तोंड आपल्याकडे, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक टेपने लावून त्याला हात घालायला दोन भोकं. जुना फिश टँक असेल तर त्याहून छान. खोलीचा पंखा बंद, खिडक्या बंद, आदल्या दिवशी झाडून नाही तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरात त्या दिवशी इडलीचं पीठ आंबत ठेवलेलं नको, सुकं खोबरं उघडं पसरलेलं नको, केरसुणी तर अजिबात नको. आंघोळ करून, केस बांधून, मास्क लावून, हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन वर स्पिरिट. डबा आतून स्पिरिटने पुसा आणि दहा मिनिटं तसाच राहू दे, उडती धूळ खाली बसते.

इथे एक ठळकपणे सांगतो. स्पिरिट मारलेल्या बंद डब्यात मेणबत्ती, स्पिरिटचा दिवा, लायटर काहीही पेटवायचं नाही. पेटवलेल्या ज्योतीवर चिमटा धरणं हे मोठ्या लॅबमधल्या हवेच्या झोताच्या टेबलावर ठीक आहे, आपल्या डब्यात वाफ साठलेली असते आणि हात आतच असतात. म्हणूनच आपण हत्यारं कुकरमधून काढून घेतो आणि प्रत्येक बाटलीला नवीन वापरतो.

शेंग साफ करायला क्लोरीन. आपल्याकडे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडरच, ती चालते. १० ग्रॅम पावडर १४० मिली पाण्यात ढवळा, साका बसू द्या, वरचं निवळ पाणी कापडातून गाळून त्याच दिवशी वापरा. पुडा पावसाळाभर उघडा राहिलेला असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, नाकाला झोंबत नाही ती पावडर फेकून द्या. हे पाणी व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अॅसिड किंवा स्पिरिट यात कधीच मिसळू नका, विषारी वाफा येतात. काम हवेशीर ठिकाणी, चष्मा आणि हातमोजे घालून.

शेंगेच्या टोकाचं वाळलेलं फूल कापून टाका, बुरशी तिथेच लपते. भांडी घासायच्या साबणाने मऊ ब्रशने शेंग नळाखाली घासा, कडांमधल्या खाचा विसरू नका. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पूर्ण सुकू दे, मग ब्लीचच्या पाण्यात २० मिनिटं बुडवून, मधूनमधून हलवत. तिथून चिमट्याने उचलून थेट डब्यात, निर्जंतुक पाण्यात एकदा खळबळवायची.

आता ब्लेडने दोन्ही टोकं उडवा आणि दुसरं ब्लेड घेऊन शेंग उभी चिरा. आत पांढरट, ओलसर, कापसासारख्या धाग्यांत गुंतलेलं बी दिसेल. चमच्याच्या टोकावर मावेल तेवढंच घ्या आणि बाटलीचं झाकण उघडून मीडियमवर टकटक करून पसरा, झाकण लगेच बंद. बाटली उघडी राहण्याचा वेळ म्हणजे धोका, तेव्हा आधी मनात ठरवा आणि मग झाकण उघडा. बी थोडंच घाला. एका शेंगेत वीस बाटल्यांना पुरेल एवढं असतं आणि दाट पेरलं की सगळे जीव एकमेकांवर चढून गुदमरतात.

शेंग उकललेली असेल, सुकं बी असेल, तर सिरिंजची पद्धत. सिरिंजच्या नळीत तोंडाशी थोडा निर्जंतुक कापूस, त्यावर चिमूटभर बी, दट्ट्या बसवा. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड २० व्हॉल्यूमचं असतं, म्हणजे ६ टक्के, त्यात तेवढंच निर्जंतुक पाणी घालून ३ टक्के करा आणि साबणाचा अर्धा थेंब, नाहीतर बी भिजतच नाही, तरंगत राहतं. ते सिरिंजमध्ये ओढून दहा मिनिटं हलवत राहा, ढकलून टाका, बी कापसावर राहतं, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. शेवटी दट्ट्या काढा, कापसावरचं बी चमच्याने उचलून पेरा. सुकं बी साठवायचं असेल तर कागदाच्या पुडीत, पुडी सिलिका जेलसकट हवाबंद डबीत, डबी फ्रिजमध्ये. आपल्या दमट हवेत उघडं ठेवलेलं बी बघता बघता मरतं.

बाटलीतले महिने

बाटल्यांवर नाव आणि तारीख. खोलीत २५ अंशांच्या आसपास राहील अशी जागा, ऊन थेट कधीच नको, बंद बाटलीत ऊन पडलं तर आत भट्टी होते. एलईडी ट्यूबखाली एक-दीड फुटावर रोज १२ ते १४ तास. लाईट गेली तर काळजी करू नका, एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. शेल्फच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या तर येतातच पण डोळ्याला न दिसणारे माइट एका बुरशी लागलेल्या बाटलीतून दुसरीत चालत जातात आणि स्पोर घेऊन जातात.

पहिले दोन आठवडे रोज बघा. पांढरा, हिरवा, काळा कापूस म्हणजे बुरशी, दुधट चिकट थर म्हणजे बॅक्टेरिया. ती बाटली वाचवायच्या फंदात पडू नका. झाकण न उघडता बाजूला काढा, जमतील तेव्हा परत कुकरमध्ये २० मिनिटं लावा आणि मगच उघडून धुवा. घरात झाकण उघडलंत तर उरलेल्या बाटल्यांचा बंदोबस्त तुम्हीच केलात.

डेंड्रोबियम तीन-चार आठवड्यांत हिरवं दिसायला लागतं, वेणी आणि वांडाच्या जाती दोन-अडीच महिने घेतात. भिंगातून बघा, पांढरं बी आधी फुगतं, मग साल फाटून हिरवा गोल गोळा होतो, त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. गोळ्याला खाली बारीक पांढरी लव येते, वरच्या बाजूला टोक निघतं आणि ते टोक पहिलं पान होतं. मुळं सगळ्यात शेवटी. अजून पांढरं आहे म्हणून बाटली टाकू नका, सगळं बी एकदम जागं होत नाही.

गोळे गर्दी करायला लागले किंवा मीडियम तपकिरी पडायला लागलं की नवीन बाटलीत हलवायचं. हे पावसाच्या आधी, एप्रिलअखेरपर्यंत उरका, नाहीतर पाऊस संपून झोडणीची धूळ बसेपर्यंत थांबावं लागेल. दुसऱ्या मीडियममध्ये तेच सगळं, फक्त खत दीड ग्रॅम, पिकलेलं केळं ५० ग्रॅम कुस्करून आणि अॅक्टिव्हेटेड चारकोल १ ग्रॅम. चारकोल फिश टँकच्या दुकानात मिळतो, कुटून बारीक करा, चुलीतला कोळसा त्याच्या जागी चालत नाही. केळ्याने पीएच खाली येतो, परत तपासा. पेरणीच्या मीडियममध्ये मात्र केळं घालू नका, रुजणं लांबतं. एका बाटलीत २५-३० गोळे, अंतरावर. वेणीला अशी आणखी एक बदली पुढच्या डिसेंबरात लागते.

बाहेर काढणं

दोन-तीन मुळं आणि तीनेक सेंटीमीटरची पानं झाली की रोप तयार. डेंड्रोबियम पुढच्या शिमग्याला बाहेर येतं, वेणी त्याच्याही पुढच्या शिमग्याला. मी शिमगाच म्हणतो कारण तेव्हापासून मृगापर्यंत तीन महिने मिळतात, हवा उबदार आणि दमट असते पण पाऊस नसतो, मुळं धरून घेतात. जुलैत काढलेली रोपं छपराखालीही कुजतात.

आठवडाभर आधी बाटल्या घराच्या पडवीत उजेडात ठेवा म्हणजे रोपं हवामानाला सरावतात. मग कोमट पाणी घालून हलकेच हलवा, रोपं बाहेर घ्या, मुळांना चिकटलेलं सगळं अगर धुऊन काढा, राहिलं तर साखरेवर बुरशी येणारच. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम लिटरला, त्यात पाच मिनिटं बुडवा, हातमोजे घाला. नंतर कागदावर तासभर सावलीत सुकू द्या.

नारळाचं सोडण बोटाच्या पेराएवढं तुकडे करून आठवडाभर भिजवा, पाणी रोज बदला, तांबडं पाणी येणं थांबलं की वापरा. निम्मं सोडण निम्मा लाकडी कोळसा, भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये, रोपं जवळजवळ लावा, एकत्र असली की तग धरतात. वरून पहिले दोन आठवडे पारदर्शक झाकण, रोज थोडं जास्त उघडत जायचं. ७५ टक्क्यांची शेडनेट. पाणी सकाळीच फवारा, संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्यातलं पाणी सुकलंच पाहिजे. महिन्याभराने नवीन मुळाचं हिरवं टोक दिसलं की १९:१९:१९ अर्धा ग्रॅम लिटरला, आठवड्यातून एकदा.

वर्ष-दोन वर्षांनी वेणी झाडावर बांधता येते. फणस सगळ्यात चांगला, साल खरबरीत आणि पाणी धरणारी. रायवळ आंबा पण चालतो. हापूसची बागायत असेल तर तिथे नको, मोहराच्या वेळी कीटकनाशकाचे फवारे एकामागून एक चालतात आणि ते सगळं ऑर्किडच्या उघड्या मुळांवर पडतं. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की सुंभाने किंवा सुती दोरीने रोप खोडाला घट्ट बांधा, हललं तर मूळ धरत नाही, पूर्व किंवा उत्तर बाजूला, नैऋत्येचा पावसाचा मारा थेट बसणार नाही असं. खाली सोडणाची पातळ चकती ठेवली तर चालेल, जाड नको. गोगलगायी रात्री कोवळी मुळं खातात, टॉर्च घेऊन वेचायच्या. पहिल्या उन्हाळ्यात मार्च ते मे रोज सकाळी फवारा द्यावा लागतो, दुसऱ्या वर्षापासून झाड आपलं आपण बघतं. डेंड्रोबियमला बाटलीतून काढल्यापासून दोन-तीन वर्षांत फूल येतं, वेणीला चार-पाच वर्षं धरून चाला, आणि बांधताना रोपाशेजारी पेरणीची तारीख लिहिलेली पत्र्याची पट्टी तारेने अडकवायला विसरू नका, पुढचं परागण कुणाचं कुणाशी करायचं ते त्यावरूनच ठरवता येतं.